मूल फार पाणी पिते तेव्हा

खेड्यात लहान मूल आजारी पडले म्हणजे घरोघर वैद्य निर्माण होतात. आजी म्हणते दृष्ट लागली, शेजारीण म्हणते जंत झाले, चुलता म्हणतो ऊन बाधले. आणि ज्या डॉक्टरांकडे आपण जातो त्यांचे म्हणणेही पुष्कळदा यांपैकी एखाद्याशी जुळते. बहुतेक वेळा ते बरोबरच असते, व चार दिवसांत मूल उठून खेळू लागते. परंतु एखादे वेळी ते चुकलेले असते. औषध चालू असते, पैसा खर्च होत असतो, आणि मूल मात्र दिवसेंदिवस खालावत जाते. अशा वेळी आईबापांच्या जिवाची जी तळमळ होते ती ज्याने भोगली त्यासच ठाऊक. आम्ही ती भोगली आहे. यास्तव या पाठाचा आरंभ आम्ही स्वतःच्या घरच्या हकीकतीने करितो. वाचकांनी ती सावकाश वाचावी, व ज्यांस वाचता येत नाही त्यांस वाचून दाखवावी.

१. घडलेली हकीकत

आमची धाकटी मुलगी त्या वेळी साडेचार वर्षांची होती. वैशाखाचे दिवस होते. ती वरचेवर पाणी मागू लागली. रात्री दोन-तीन वेळा उठून तांब्या तोंडास लावी. जिचे अंथरूण ओले करणे दोन वर्षांपूर्वीच थांबले होते, ती पुन्हा गोधडी भिजवू लागली. आम्ही तिला रागे भरलो. "एवढी मोठी झालीस, लाज वाटत नाही का?" असेही बोललो. ते शब्द आठवले म्हणजे आजही मान खाली जाते. भूक तर वाढली होती, तरी अंगातला फ्रॉक सैल पडू लागला. एके दिवशी तिच्या आईने सांगितले की, परसात मुलगी जेथे लघवीस बसते तेथे मुंग्यांची रांग लागते. आम्ही हसलो व म्हणालो, "अगं, उन्हाळ्यात मुंग्या कोठे नसतात?"

बाजाराच्या दिवशी पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. मूल वाळले आहे हे पाहून त्यांनी जंताचे औषध दिले. मुलीची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ही पाणी फार पिते हो." ते म्हणाले, "ऊन काय थोडे आहे? पाणी पिणारच." आईने आणखी काही सांगावयास तोंड उघडले, तोच आम्ही तिला डोळ्यांनी खुणावले. एवढ्या शिकलेल्या माणसास आपण काय शिकवावे, असे आम्हांस वाटले. त्या एका खुणेची किंमत पुढे आम्हांस फार मोठी पडली.

आठ दिवसांनी मुलगी लघवी करिताना आग होते म्हणून रडू लागली. दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीत जंतुदोष आहे असे सांगून पाच दिवसांचे औषध दिले. लघवी तपासावयास मात्र पाठविली नाही. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या व पोट दुखू लागले. तिसऱ्या डॉक्टरांनी पोट बिघडले असे म्हटले, आणि अशक्तपणा फार आहे म्हणून ग्लुकोजची सलाईन लावली. आम्हांस त्याने बरे वाटले, कारण बाटली टांगलेली दिसली म्हणजे काही तरी उपाय चालू आहे असे खेड्यातील माणसास वाटते. त्याच रात्री मुलगी खोल आणि जलद श्वास घेऊ लागली. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. परंतु श्वास असा की, उशाशी बसलेल्यांस तो ऐकू यावा. पहाटे चौथ्या ठिकाणी नेले. तेथे न्यूमोनिया म्हणून चिठ्ठी लिहिली व तालुक्याच्या रुग्णालयात जाण्यास सांगितले.

तालुक्यास पोहोचलो तो मुलगी हाकेस नीट ओ देत नव्हती. चिठ्ठी घेण्यास आलेल्या सिस्टर मुलीच्या तोंडाजवळ वाकल्या, क्षणभर थांबल्या, आणि त्यांनी विचारले, "ताई, आजारी पडण्याआधी ही पाणी किती पीत होती?"

तीन आठवड्यांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. मुलीच्या आईने पाणी, गोधडी, फ्रॉक, मुंग्या, सर्व एका दमात सांगितले. सिस्टरांनी मुलीच्या बोटास सुई टोचली व रक्ताचा एक थेंब लहानशा यंत्राच्या पट्टीस लावला. यंत्रावर आकडा उमटलाच नाही. रक्तातील साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली म्हणजे जी खूण उमटते ती उमटली. पाच मिनिटांत सर्व धावपळ बदलली. औषध बदलले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, आणि मुलीस जिल्ह्याच्या रुग्णालयात हलविले. तेथे तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून पाहिले व आईस हाक मारली. आणखी एक रात्र गेली असती तर मूल हाती लागले नसते, असे तेथील डॉक्टरांनी पुढे आम्हांस सांगितले.

२. हा आजार कोणता?

या आजारास बालमधुमेह अथवा पहिल्या प्रकारचा मधुमेह असे म्हणतात. मधुमेह हा उतारवयाचा व सुखवस्तू माणसांचा रोग होय, असा समज आपल्या लोकांत आहे. तो अपुरा आहे. मोठ्यांस बहुधा होणारा मधुमेह निराळा व हा निराळा. हा तान्ह्या मुलासही होतो, गरिबाच्या मुलासही होतो, आणि अंगाने बारीक असलेल्या मुलासही होतो.

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्यातील काही पेशी इन्सुलिन नावाचा रस तयार करितात. आपण खाल्लेल्या भाकरीची व भाताची साखर होऊन ती रक्तात येते. ती रक्तातून शरीराच्या पेशींत जावी यासाठी इन्सुलिन लागते. इन्सुलिन ही जणू कोठाराची किल्ली होय. या आजारात रोगजंतूंशी लढणारी शरीराचीच शक्ती चुकून त्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करिते. किल्ली नाहीशी झाली म्हणजे रक्तात साखर साचून राहते आणि शरीर मात्र उपाशी राहते.

एवढे समजले म्हणजे पुढची सर्व लक्षणे आपोआप समजतात. साचलेली साखर लघवीवाटे बाहेर पडू लागते व जाताना बरोबर पाणी ओढून नेते; म्हणून लघवी फार होते, आणि मूल अंथरूण ओले करिते. पाणी गेले म्हणून तहान फार लागते. शरीरास अन्न पोहोचत नाही म्हणून मूल खाऊनही वाळते व थकते. लघवीत साखर असल्यामुळे त्या जागी खाज व आग होते, आणि मुंग्या लागतात. ही मुंग्यांची गोष्ट नवी नव्हे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतही प्रमेहाच्या वर्णनात ती सांगितलेली आहे. आमच्या घरातील माउलीने जे पाहिले ते प्राचीन वैद्यांनीही पाहिले होते. हसलो ते आम्हीच अडाणी.

पुढे साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाची आम्ले उत्पन्न होऊन रक्त आंबट होऊ लागते. तेव्हा उलट्या होतात, पोट दुखते, तोंडास पिकलेल्या फळासारखा वास येतो, आणि ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी मूल खोल व जलद श्वास घेऊ लागते. त्यानंतर गुंगी येते, व उपचार न झाल्यास मृत्यू. पहिल्या तहानेपासून या अवस्थेपर्यंत कधी काही आठवडे लागतात, तर अगदी लहान मुलांत थोडे दिवसही पुरतात.

३. निदान चुकते ते का?

हा आजार सोंगे घेतो. वाळलेले मूल पाहिले म्हणजे तो जंतांसारखा दिसतो. लघवीची आग ऐकली म्हणजे जंतुदोषासारखा. उलट्या पाहिल्या म्हणजे पोट बिघडल्यासारखा. पोटदुखी पाहून आंत्रपुच्छाचा दाह वाटतो. आणि श्वास पाहिला म्हणजे दमा अथवा न्यूमोनिया वाटतो. डॉक्टरांसमोर दिवसभरात जी मुले येतात त्यांपैकी बहुतेकांस हे साधे आजारच असतात. म्हणून मन सवयीच्या वाटेने जाते. यात दुष्टपणा नाही. परंतु सवयीच्या वाटेने जाऊन मूल दगावू शकते, हेही तितकेच खरे.

दुसरे कारण आमच्याकडील आहे. आम्ही चार ठिकाणी गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी फक्त त्या दिवसाचे दुखणे सांगितले. पहिल्यास वाळल्याचे सांगितले, दुसऱ्यास आगीचे, तिसऱ्यास उलटीचे, चौथ्यास श्वासाचे. एका पोथीची चार पाने चार माणसांस निरनिराळी दिली, तर गोष्ट कोणास कळणार? सबंध पोथी एकाच व्यक्तीजवळ होती, ती म्हणजे मुलीची आई. आणि तिला आम्ही बोलू दिले नाही.

चुकीच्या निदानाने वेळ तर जातोच. परंतु कधी कधी उपायच अपाय होतो. ज्या मुलाच्या रक्तात आधीच साखर मावत नाही, त्यास आरंभीच ग्लुकोजची सलाईन लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. या अवस्थेत प्रथम ग्लुकोज नसलेली मिठाच्या पाण्याची सलाईन मोजून व बेताने देतात, आणि त्यानंतर इन्सुलिन. साखर पुरती उतरल्यावर डॉक्टर स्वतःच ग्लुकोजही सुरू करितात. तेव्हा मात्र पालकांनी गोंधळून जाऊ नये. दमा समजून दिलेल्या स्टेरॉइड औषधानेही साखर वाढते. म्हणून बाटली टांगण्यापूर्वी रक्ताचा एक थेंब तपासणे अगत्याचे आहे.

४. पालकांच्या संतापाविषयी

मुलगी वाचली, आणि मग आम्हांस राग आला. धोका होता तोपर्यंत रागास फुरसत नव्हती. घरी परतल्यावर मात्र तो दिवसरात्र पोखरू लागला. एक नातेवाईक म्हणाले, "चार माणसे घेऊन जाऊ आणि दवाखाना बंद पाडू." दुसरे म्हणाले, "आईचेच लक्ष नव्हते." हे दुसरे बोलणे ऐकून आम्ही ताडकन उठलो, कारण सबंध घरात, आणि चार दवाखान्यांत मिळून, जिचे लक्ष होते ती एकटी आईच होती. आमचा खरा राग स्वतःवर आहे हे आम्हांस त्या क्षणी कळले.

वाचकांपैकी ज्यांच्यावर असा प्रसंग आला असेल, त्यांस आम्ही इतकेच सांगतो: राग येणे हे पाप नव्हे. आपल्या लेकराचे दुःख कोणी ऐकून घेतले नाही, तर ज्यास राग येत नाही तो बाप कसला? परंतु राग ही चुलीतील आगीसारखी वस्तू आहे. चुलीत राहिली तर भाकर भाजते, छपरावर गेली तर घर जाळते. डॉक्टरांवर हात टाकल्याने कोणाचेही मूल बरे झालेले नाही. उलट, त्या दवाखान्याच्या दारी दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मुलांचे नुकसान मात्र झाले आहे.

आम्ही महिनाभर थांबलो. मग जिल्ह्याच्या रुग्णालयाचे कागद घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. आवाज चढविला नाही. "साहेब, मुलीस हा आजार निघाला, आपल्या माहितीस असावे म्हणून आलो," इतकेच म्हणालो. त्यांनी कागद दोनदा वाचले. नंतर म्हणाले, "बाई पाण्याविषयी सांगत होत्या, ते मी पुरते ऐकून घ्यावयास हवे होते." दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र आम्हांस दारातूनच वाटेस लावले. दोन्ही प्रकारची माणसे जगात आहेत. तथापि पहिल्यांच्या दारी उद्या एखादे तहानलेले मूल आले, तर ते त्याच्या बोटास सुई टोचतील, या विचाराने आमचा पुष्कळसा राग निवला.

निदान चुकले म्हणजे प्रत्येक वेळी हयगयच झाली असे होत नाही. परंतु उघड हयगय झाली असे वाटल्यास कायदेशीर मार्ग मोकळा आहे. राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करिता येते. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला आहे. रुग्णालयात ठेवलेल्या रुग्णाचे कागद त्याने अथवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ते ७२ तासांच्या आत द्यावेत, असे डॉक्टरांच्या आचारासंबंधी २००२ साली झालेल्या नियमांत सांगितले आहे. म्हणून कागद मागण्यास संकोच करू नये व ते जपून ठेवावेत.

५. आईबापांनी काय करावे?

(१) चार खुणा मुखोद्गत कराव्यात: फार तहान, फार लघवी, वजन उतरणे, आणि विलक्षण थकवा. यांत पाचवी खूण जोडावी: अंथरूण ओले करणे थांबलेल्या मुलाने पुन्हा ते सुरू करणे. तान्ह्या मुलाची दुपटी नेहमीपेक्षा जड भिजू लागली, तर तीही खूणच समजावी.

(२) या खुणा दिसताच त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, अथवा गावातील आशाताईंस विचारावे. "उद्या सकाळी उपाशीपोटी या," असे कोणी म्हटल्यास नम्रपणे सांगावे की, अशा खुणा असलेल्या मुलाची तपासणी आताच होऊ शकते. तिला उपास लागत नाही. या खुणा असून कोणत्याही वेळी घेतलेल्या १०० मिलिलिटर रक्तात साखर २०० मिलिग्रॅम किंवा अधिक निघाली, तर तो मधुमेह समजून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. डोळ्यांवर झापड, खोल श्वास अथवा थांबत नसलेली उलटी असल्यास घटकाभरही वाट पाहू नये; १०८ क्रमांकास फोन करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ सालापासून आहे व तिला पैसे पडत नाहीत.

(३) तपासणी होईपर्यंत पाणी तोडू नये. लघवी कमी व्हावी म्हणून तांब्या लपविणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याने मूल अधिक सुकते. तसेच शक्ती यावी म्हणून ग्लुकोजची पूड, सरबत अथवा उसाचा रस देऊ नये.

(४) दुखणे लांबले की एक वही करावी. कोणत्या दिवशी काय दिसले, कोणते औषध दिले, त्याने काय झाले, हे तारखेसह लिहावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे. प्रत्येक नव्या डॉक्टरांस ती वही व जुन्या चिठ्ठ्या प्रथम दाखवाव्यात, आणि आरंभापासून सांगावे.

(५) डॉक्टरांपुढे आईस बोलू द्यावे. बापाने अथवा सासऱ्याने तिच्या वतीने उत्तर देऊ नये. मुलाची गोधडी कोण वाळत घालते, याचा विचार करावा, म्हणजे कोणास विचारावे हे कळेल.

(६) दोन प्रश्न पाठ करून ठेवावेत. पहिला: "साहेब, याहून दुसरे काही असू शकेल काय?" दुसरा: "काय दिसले तर आम्ही लगेच परत यावे?" हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने सावध होतो, आणि आपण सावध झालो याचा त्यास आनंदच होतो.

६. गावाने काय करावे?

इटली देशात पार्मा नावाचा प्रांत आहे. तेथे १९९१ साली एक साधी गोष्ट करण्यात आली. तुमचे मूल फार पाणी पिते काय, फार लघवी करिते काय, पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे काय, अशा अर्थाची चित्रे शाळांतून लावण्यात आली, आणि शिक्षकांस व मुलांच्या डॉक्टरांस या आजाराची माहिती देण्यात आली. त्यापूर्वीच्या वर्षांत तेथे नव्याने मधुमेह झालेल्या शंभर मुलांतील सुमारे ७८ मुले रक्त आंबट होण्याच्या अवस्थेत रुग्णालयात येत असत. पुढील काही वर्षांत ते प्रमाण शंभरात १२ ते १३ वर आले, असा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. तेथे नवे औषध निघाले नव्हते. लोकांस एक प्रश्न विचारावयास शिकविले, एवढेच.

जे पार्माने केले ते आमच्या वाडीस करिता येणार नाही काय? बालवाडीच्या ताईंनी, वर्गात वरचेवर पाण्यास व लघवीस जाणाऱ्या मुलास शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या घरी निरोप धाडावा. मंडळीच्या सेवकांनी घरोघर भेटीस जाताना आजारी मुलाजवळ प्रार्थना करावी, आणि उठण्यापूर्वी आईस विचारावे, "पाणी किती पितो?" प्रार्थना आणि रक्ताचा थेंब यांत काही विरोध नाही. कोणी म्हणेल की हे दुखणे आईबापांच्या पापामुळे आले, किंवा दृष्ट लागल्यामुळे आले; तर त्यास स्पष्ट सांगावे की तसे नव्हे. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या बाळंतपणातील पथ्याने होत नाही, व एकाचा दुसऱ्यास लागत नाही.

७. आजार कळल्यानंतर

या आजारात इन्सुलिन टोचून घेतल्यावाचून गती नाही, आणि ते जन्मभर घ्यावे लागते. हे ऐकून आमच्या पोटात धस्स झाले. परंतु मागील काळ आठवला म्हणजे याच गोष्टीचा आनंद वाटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या रोगाची मुले थोड्या काळात हमखास मरत. १९२१ साली कॅनडातील टोरंटो शहरी फ्रेडरिक बॅंटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढले. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले. १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. पहिल्या वेळी चांगला गुण आला नाही. काही दिवसांनी अधिक शुद्ध औषध दिले, आणि मरणोन्मुख मुलगा सुधारू लागला. शोधकांनी आपला हक्क अवघ्या एका डॉलरास विद्यापीठाच्या स्वाधीन केला, हेही स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

यास्तव कोणी भोंदू म्हणाला की, "सुई सोडा, माझ्या मुळीने मुलगी बरी होईल," तर त्यास उंबऱ्याच्या आत घेऊ नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बंद करणे म्हणजे मुलाचा प्राण बंद करणे होय. साखर एकाएकी उतरली तर मुलास घाम येतो, हात कापतात, ते बावचळते; म्हणून घरी व दप्तरात साखर अथवा गूळ ठेवावा, आणि शिक्षकांस ते सांगून ठेवावे. मुलगी आहे, पुढे लग्न व्हावयाचे, म्हणून आजार लपवू नये. लपविलेल्या आजाराची सुई चुकते. जिल्हा रुग्णालयात या आजाराची चौकशी करावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने याच आजाराच्या उपचारांविषयी २०२२ साली स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. म्हणजे आपल्या देशातील डॉक्टरांसही तो आता परका नाही.

आमची मुलगी आज शाळेत जाते. दिवसातून चार वेळा सुई घेते, आणि चौथीच्या वर्गात धावण्यात तिचा दुसरा नंबर आला. रात्री कधी ती पाणी मागते, तेव्हा तिची आई व आम्ही दोघेही एकदम जागे होतो. ती तांब्या तोंडास लावते, दोन घोट पिते, आणि कूस बदलून झोपते. मग आम्हीही झोपतो.

चर्चेसाठी प्रश्न

(१) मुलीच्या आजाराच्या कोणत्या खुणा घरात सर्वांच्या आधी दिसल्या? त्या कोणी पाहिल्या?

(२) चार डॉक्टरांस चार निरनिराळे आजार का वाटले? त्यांत पालकांची चूक कोणती?

(३) फार तहान असलेल्या मुलास ग्लुकोजची सलाईन लावण्यापूर्वी काय करावे, व का?

(४) तुमच्या घरी मूल आजारी पडले म्हणजे डॉक्टरांशी कोण बोलते? ते तसेच असावे काय?

(५) राग आल्यावर या कुटुंबाने काय केले? तुम्ही काय केले असते?

(६) तुमच्या गावापासून रक्तातील साखर तपासण्याची सर्वांत जवळची जागा कोणती? पुढील रविवारच्या आत याची चौकशी करून मंडळीत सांगावे.